बडनेरा जंक्शन अजून टाकीमागे उभं आहे

“मांगं पाय बे गज्या, मांगं! टाकीपासून येऊन राह्यला तो. डोये हायेत का गिट्टी भरली?”

हे तू ओरडत होतास मिलिंद, आणि ओरडताना तू मेलेला होतास.

तेव्हा नुसता खेळात मेला होतास. अमरावतीच्या त्या सायबर कॅफेत, आपण दोघं पॉलिटेक्निकला होतो त्या काळात. कोणीतरी नुकतीच तुझ्या डोक्यात गोळी घातली होती, म्हणून नियमाप्रमाणे तू खुर्ची सोडून माझ्या पाठीशी उभा होतास, आणि नियमाप्रमाणेच तुझं तोंड बंद असायला हवं होतं. कॅफेचा मालक गुड्डूभाई यानं भिंतीवर खडूनं लिहूनच ठेवलं होतं: जो मेला त्यानं उठायचं, आणि उठल्यावर बोलायचं नाही. उठायचं, कारण मशीन थोड्या आणि पोट्टे फार. मेलेला गडी पडद्यावर पुन्हा जिवंत व्हायचा, पण त्याला चालवायला पुढचा नंबरवाला बसायचा. आणि बोलायचं नाही, कारण मेलेल्याला सगळ्यांचे पडदे दिसतात. कोण पेटीआड दबा धरून बसलाय, कोणाच्या बंदुकीतल्या गोळ्या सरल्या, हे जिवंतांना कळत नाही, मागे उभ्या असलेल्या मेलेल्याला कळतं. त्यानं तोंड उघडलं की खेळाचा सत्यानाश. पॉलिटेक्निकचा एकही नियम न पाळणारी पोरं हा नियम पाळायची. एक तू सोडून.

“ए मुर्दे, चूप,” गुड्डूभाई काउंटरवरून म्हणायचा.

“मी नाई बोलून राह्यलो भाई. माहा आत्मा बोलून राह्यला,” तू म्हणायचास, आणि लगेच माझ्या कानाशी, हळू आवाजात, “मांगं पाय.”

मी मागे वळायचो आणि वाचायचो, तेही तू समोरच्या टोळीचा असून.

त्या कॅफेचं मी कोणाला सांगितलं की लोकांना खरं वाटत नाही. म्हशीच्या गोठ्याएवढी खोली, तीत चाळीस पोट्टे, पंखा एकच आणि तोही गुड्डूभाईकडे तोंड करून गंजलेला. मे महिन्यात आत एवढं तापायचं की पडद्यावरच्या शत्रूलासुद्धा घाम फुटायचा. माऊस तेव्हा पोटात गोळा असलेले. पोरं गोळे चोरून न्यायची, म्हणून दुकान बंद करताना गुड्डूभाई सगळे गोळे काढून सदऱ्याच्या खिशात टाकायचा आणि घरी न्यायचा. रस्त्यानं असा जपून चालायचा की वाटावं, माणूस अंडी घेऊन निघालाय. मी तर इतक्या वेगानं खेळायचो की एकदा माझ्या माऊसचा गोळा वितळून टेबलाला चिकटला.

“अर्धं कर,” तू म्हणायचास.

तुझे हे दोन शब्द. मी कुठलीही गोष्ट सांगावी, तू शेवटपर्यंत ऐकून घ्यावीस आणि मग शांतपणे म्हणावंस, अर्धं कर. “वितळला नव्हता, तापला होता. तापलाबी नव्हता, मळला होता. थुका लावून पुसला होता तू, मी पाह्यलं.” असं अर्ध्याचं अर्धं करत तू खरं काय ते टेबलावर काढून ठेवायचास, आणि त्या उरलेल्या चिमूटभर खऱ्यावर माझ्यापेक्षा जास्त हसायचास. मला कधी राग आला नाही. उलट पुढंपुढं मी तुझ्यासाठी गोष्ट दुपटीनं वाढवूनच आणायचो. कापणारा घरचा असला की कापड जास्तीचं आणायला भीती वाटत नाही.

आपलं भांडण होतं ते वेगळ्याच गोष्टीवरून. मैदान ठरलेलं. वाळवंटातलं एक उजाड गाव, मधोमध पडकी भिंत, एका टोकाला पाण्याची टाकी. ज्या टोळीकडे टाकीची बाजू आली, तिचा गडी दर वेळी टाकीमागेच जन्माला यायचा. शहाणा माणूस जन्मला रे जन्मला की तिथून सुटतो, भिंत गाठतो, पलीकडे घुसतो. मी तर जन्मायच्या आधीपासून पळत असायचो. आणि तू? जिथं जन्माला आलास तिथंच उभा. टाकीला पाठ लावून. समोरच्यानं तुझ्यापर्यंत यावं, मग तू बोट हलवणार.

“हे खेळणं झालं का मिल्या? लपून बसतो लेका.”

“लपून नाई बसलो. वाट पाहून राह्यलो.”

“कोणाची?”

“तुही. तू तं येतच असतो. मंग मी कायले पळू?”

खेळातलं नावही तू साजेसं ठेवलं होतंस: बडनेरा जंक्शन. बडनेऱ्याच्या रेल्वे क्वार्टरात जन्मलास, शिकायला म्हणून घर सोडलंस ते अमरावतीपर्यंत, म्हणजे नीट शिंक आली तर ऐकू जाईल इतकं लांब, आणि नोकरीला लागलास तोही बडनेऱ्यालाच, रेल्वेच्या सिग्नल खात्यात. “सगळ्या गाड्या बडनेऱ्याले येऊन थांबतात,” तू म्हणायचास. “बडनेऱ्यानं कुठी जायाचं?” माझं नाव होतं अकोल्याचा वाघ. हा वाघ त्या टाकीपाशी किती वेळा मेला ते सांगत नाही. अर्धं केलं तरी लाज वाटावी असा आकडा आहे.

मग वर्षं गेली. कॅफेच्या जागी मोबाईलच्या कव्हरांचं दुकान आलं. मी अकोल्याला जुन्या शहरात मोटारी आणि पंप रिवाइंडिंगचं दुकान टाकलं, तू सिग्नलचे दिवे सांभाळत राहिलास. भेटी व्हायच्या लग्नात, मयतीत आणि भीमजयंतीला तुझ्याकडे जेवायला. तुझी बायको, सुजातावहिनी, वाढता वाढता म्हणायची, “भाऊजी, ती माऊसची गोष्ट सांगा न.” मी सांगायचो, आणि तू वरण ओढता ओढता तिचं अर्धं करायचास.

गेल्या हिवाळ्यात तुझा फोन आला.

“गज्या, उभा हायेस का बसला?”

“दुकानात हावो. गिऱ्हाईक हाये. बोल.”

“बस. आपला खेळ आला.”

त्या कंपनीनं तो जुनापुराणा खेळ झाडूनपुसून, नवा रंग देऊन फुकट काढला होता. नव्या पोरांनी खेळावा म्हणून. मी दुकानातल्या बिलाच्या कॉम्प्युटरवर घेतला आणि उघडला. पडकी भिंत तेवढीच पडकी. टाकीवरचा गंजाचा डागसुद्धा होता तिथंच. फक्त आभाळ बदललं होतं. आपल्या वेळचं आभाळ धुतलेल्या फडक्याच्या पाण्यासारखं होतं. आता निळंशार. मला ते आभाळ बिलकूल आवडलं नाही. आणि त्या आभाळाखाली जगभरचे पोट्टे. येतात काय, मरतात काय, मेले की टोपी फेकून नाचतात काय.

“फुकट वाटला त्याहिनं, म्हणून ही गत झाली,” मी तुला म्हणालो. “कोणीबी उठते अन् येते. ना चाल ना रीत. मेले तं हासतात लेकाचे.”

“तू रडत होता काय?”

“आपण शिकलो बे. त्या गोठ्यात, घामाघूम होऊन.”

“मंग याहिनंबी पंखा बंद करून खेळावं असं हाये काय तुहं म्हणणं?”

“तसं नाई...”

“तसंच हाये. तुले मैदान पाह्यजे होतं रिकामं. नुसती टाकी अन् भिंत, बाहेर पाटी, आत कोणी नाई. मले तं बरं वाटते गज्या, पोट्टे दिसले म्हणजे. आपण नसलो तरी मैदान चालू राह्यते.”

हे वाक्य मी वाढवून सांगत नाही. तू ते सहज बोललास, आणि पाठोपाठ विचारलंस की पाव एचपीच्या मोटारीला कंडेन्सर कितीचा लागतो, कारण तुझा कूलर आवाज करत होता.

मग रविवारच्या दुपारी सुरू झालं. तू बडनेऱ्याला, मी अकोल्याला, फोन मधे पालथा, स्पीकरवर. तू टाकीमागे, मी समोरून. तू मला मारायचास, मी भांडायचो, मी पुन्हा यायचो. शेवटच्या रविवारी मी ओरडलो, “अर्धं आयुष्य गेलं लेका, एक पाऊल तरी पुढं टाकशील का नाई?” तू म्हणालास, “तूच एकडाव थांबून पाय न. बरं वाटते.” मी काहीतरी बोलणार, तेवढ्यात जळालेला सबमर्सिबल पंप घेऊन गिऱ्हाईक आलं आणि फोन ठेवला.

त्याचा जबाब मला दुसऱ्या दिवशी सुचला, तांब्याची तार गुंडाळता गुंडाळता. वाट पाहून राह्यलो म्हणतोस न मिल्या, मंग ज्याची वाट पाह्यली तो आला की त्याले गोळी काहून घालतो? काय जबाब होता तो. इतक्या वर्षांत पहिल्यांदा तुला गप्प करेल असं माझ्या हाती काही लागलं होतं. फोन करून तो वाया घालवला नाही. रविवारसाठी राखून ठेवला. तुझा चेहरा दिसणार नव्हता, पण तुझं गप्प होणं मला ऐकायचं होतं.

तुझं गप्प होणं मला गुरुवारीच ऐकावं लागलं. वहिनीच्या भावाचा फोन आला, आणि तो एवढंच बोलला की या.

पुण्यानुमोदनाच्या सभेत सगळे पांढऱ्या कपड्यांत बसले होते. तुझ्या फोटोपुढे मेणबत्त्या, वंदना झाली, रेल्वेतले लोक बोलले. मग माईक माझ्या हातात आला. सगळ्यांना वाटलं, हा बोलका माणूस, हा रडवून हसवेल. मी सुरुवात केली. म्हटलं, आमचा मिलिंद एकटा टाकीमागे उभा राहायचा आणि समोरून सतरा जण आले तरी हटायचा नाही. म्हटलं, एकदा वीज गेली, पडदे बंद झाले, तरी याच्या बंदुकीतून गोळ्या सुटत होत्या. लोक गंभीरपणे मान डोलावत ऐकत होते. खरं मानून ऐकत होते. मी थांबलो. सवयीनं थांबलो, तू बोलावंस म्हणून जागा सोडून. पांढऱ्या कपड्यांतली ती सगळी माणसं माझ्याकडे बघत राहिली. सतरा जण सतराच राहिले. मी माईक बाजूच्याला दिला आणि खाली बसलो.

त्यानंतर पंधरवडा झाला असेल. दुपारची वेळ होती, अकोल्यात ज्या वेळी कुत्रंसुद्धा सावलीला विचारून बसतं. दुकानात एक मोटार टेस्टिंगला लावलेली, तिची घरघर चालू. मी खेळ उघडला. का उघडला ते विचारू नकोस. कडेला मैदानातल्या खेळाडूंची नावं येतात. परदेशी नावं, आकडे, चित्रविचित्र अक्षरं. आणि त्यात मधेच: बडनेरा जंक्शन.

मला आधी वाटलं, जुनं नाव राहून गेलं असेल, पुसलं गेलं नसेल. मी तुझ्याच बाजूला गेलो आणि टाकीमागे जन्माला आलो. आणि तू तिथं होतास.

पाठ टाकीला. तोंड समोरच्या वाटेकडे, जिथून मी यायचो. बंदूक खाली. हलत नव्हतास. अकोल्यात भर उन्हाळ्यात एका माणसाचे हात गार पडले, ही बातमी छापायला हवी होती. मी तुझ्यासमोर येऊन उभा राहिलो. माझा गडी श्वास घेतो तसा तुझाही घेत होता, खांदे हळूच वर, हळूच खाली. खेळात उभ्या गड्याचे खांदे तसे हलवूनच ठेवलेत, हे मला पक्कं माहीत आहे. तरी मी ते खांदे बघत बसलो. तेवढ्यात भिंतीवरून कुठलासा पोट्टा आला, त्यानं तुला गोळी घातली आणि नाचत निघून गेला. तू पडलास. थोड्या वेळानं टाकीमागेच पुन्हा उभा राहिलास. पाठ टाकीला, तोंड वाटेकडे. पोट्टा पुन्हा आला.

मिलिंद, इतकी वर्षं खेळलो, पण आपण एका बाजूला कधीच नव्हतो. त्या दुपारी पहिल्यांदा मी तुझ्या बाजूला होतो, आणि पहिल्यांदाच मी टाकी सोडली नाही. त्या पोट्ट्याला मारला. दुसरा आला, त्याला मारला. तिसरा तर तुझ्या डोक्यावर उड्या मारत होता, त्याला असा मारला की तो त्याच्या देशात खुर्चीवरून पडला असेल. गिऱ्हाईकं शटरपाशी उभी राहून हाका मारत होती. मी म्हटलं, थांबा, पाहुणे आहेत.

मग हे रोजचंच झालं. दुपार टळली की तुझं नाव यायचं, टाकीमागे तू उभा राहायचास, आणि तासाभरानं नाहीसा व्हायचास. रविवारी मात्र नाही. रविवार तुझा होता, तरी रविवारी तू नाही, हे मला समजेना. मी रोज तुझ्या शेजारी उभा राहायचो. खेळात लिहून बोलता येतं. एकदा मी लिहिलं, मिल्या? तू काही बोलला नाहीस. मी तो राखून ठेवलेला जबाबही लिहिला, अख्खाच्या अख्खा, ज्याची वाट पाह्यली त्याले गोळी काहून घालतो. कोण्या पोट्ट्यानं त्याखाली प्रश्नचिन्ह टाकलं. तू गप्पच. मेलेल्यानं बोलायचं नाही हा नियम ज्यानं जन्मात पाळला नाही, तो आता पाळत होता, आणि असा पाळत होता की मला गुड्डूभाईला शोधून म्हणावंसं वाटलं, जा बाप्पा, त्याले सांग की तुहा नियम गेला चुलीत, बोल म्हणा दोन शब्द.

वहिनीला एक फोन केला असता तर सगळं कळलं असतं. कळलं असतं म्हणूनच केला नाही. तुझं नाव कोण चालवतंय हे विचारलं की काहीतरी उत्तर येणार, आणि उत्तर आलं की तू टाकीमागे उभा नसणार. दुसरं कोणीतरी असणार. एवढा साधा हा सौदा होता, आणि मी विचारत नव्हतो.

एक कबूल करतो, पोट्ट्यांबद्दल तुझं म्हणणं खरं होतं. ते आरडाओरडा करत यायचे, मरायचे, नाचायचे, म्हणून मी तिथं बसू शकत होतो. त्या निळ्या आभाळाखाली नुसती टाकी आणि तू असतास, तर मी एक दुपारही काढली नसती.

मग एके दिवशी तू वळलास. आता तू म्हणशील, अर्धं कर. कसं करू? एक तर वळलास किंवा नाही वळलास. मी शेजारी उभा होतो, दूर कुठंतरी गोळीबार चालला होता, आणि तुझा गडी हळूच फिरला आणि त्याचं तोंड माझ्याकडे आलं. टोपीखाली तो चेहरा, कंपनीनं सगळ्यांना सारखाच दिलेला. बराच वेळ माझ्याकडे बघत राहिलास. मी खुर्ची मागे ढकलली ती टेस्टिंगच्या मोटारीवर जाऊन आदळली. त्या दिवशी दुकान लवकर बंद केलं. घरी बायकोनं विचारलं, “काय झालं? तोंड काहून असं?” मी म्हटलं, शॉक बसला. मोटारवाल्याला हे उत्तर बरं असतं, पुढं कोणी विचारत नाही.

आणि त्यानंतर काही दिवसांनी तू यायचा बंद झालास.

एक दुपार गेली, दुसरी गेली. मी टाकीमागे एकटा. आधी वाटलं नेट गेलं असेल. मग वाटलं, मी त्या दिवशी घाबरून पळालो, म्हणून. आठवडा गेला तसं मला कामात चित्त लागेना. एका शेतकऱ्याच्या पंपाची तार उलटी गुंडाळली. त्यानं विहिरीवर चालू केला तर पाणी वर यायच्या ऐवजी, त्याच्या सांगण्यानुसार, विहीरच खाली गेली. त्याच्या सांगण्यानुसार. मी वाढवलेलं नाही. शेवटी सकाळची गाडी धरून मी बडनेऱ्याला उतरलो आणि तुझ्या क्वार्टरची कडी वाजवली.

“या भाऊजी,” वहिनी म्हणाल्या. “फोन नाई, काही नाई, असे अचानक?”

त्यांनी लिंबूपाणी दिलं. तुझ्या फोटोपाशी सकाळची फुलं होती. कॉम्प्युटर आतल्या खोलीत, टेबलावर, वरून पांढरं फडकं टाकलेलं. मी ग्लास संपवला, दुसरा संपवला, आणि विचारलं.

“वहिनी, मिल्याचा खेळ कोणी खेळते का हो?”

“खेळत नाई कोणी. पण ते लागते आपोआप. यांनी काय करून ठेवलं काय मालूम. कॉम्प्युटर सुरू केला की ते वाळवंट येते. मी खालचं ते खिडकीचं बटन दाबते, की जाते. मंग मी खिचडीची माहिती भरते.”

“खिचडीची?”

“शाळेतली. कोण्या वर्गातले किती पोरं जेवले ते रोज भरा लागते. घरी आल्यावर भरते मी.”

वहिनी जिल्हा परिषदेच्या शाळेत शिकवतात हे मला माहीत नव्हतं असं नाही. पण जगातल्या अर्ध्या देशांच्या पोट्ट्यांशी मी महिनाभर जी लढाई लढलो, ती शालेय पोषण आहाराचं रक्षण करण्यासाठी होती, हे मला कोणी सांगितलं नव्हतं.

“अन् रविवारी?”

“रविवारी कोणती शाळा असते भाऊजी?”

“एक डाव तो वळला होता. माह्याकडे.”

त्यांनी थोडा विचार केला. “टेबल पुसलं असेल मी. सुरू व्हायले टाईम लागते त्याले. तोवर पुसून घेते. माऊस हालला असेल.”

“अन् आता इतके दिवस...”

“सुट्ट्या लागल्या न.”

मी हसलो. मोठ्यानं हसलो, तुझ्या घरात, तुझ्या फोटोसमोर, आणि मग हसता येईना. वहिनी माझ्याकडे न बघता दोरीवरचे वाळलेले कपडे आणून घड्या घालत बसल्या. आणि त्यांनी मला जे सांगितलं ते मला माहीत नव्हतं.

“हे गेले त्या दिवशी ते चालूच होतं भाऊजी. दवाखान्यात जातानी कोणाले सुचते बंद करायचं? मंग घरात मानसं बसेल, बाया रडून राह्यल्या, अन् आतल्या खोलीतून गोळ्यांचा आवाज. दोन दिवस कोणाले समजेच ना, आवाज कुठून येऊन राह्यला. शेजारी वाटलं. मी आत गेली तवा दिसलं. ते उभेच होते तिथी. मी भिंतीवरचं बटन बंद केलं.”

घडी घातलेला टॉवेल त्यांनी पुन्हा उलगडला, पुन्हा घातला.

“आमच्या शाळेतले सर म्हणत होते, काढून देतो. त्याच्यानं कॉम्प्युटर हळू चालते म्हणे. आता तुमी आलेच आहा तं तुमीच काढून द्या न. तुमाले येते.”

येतं मला. दोन मिनिटांचं काम आहे. मी फडकं काढलं आणि तुझ्या खुर्चीत बसलो. मशीन सुरू केली, वाळवंट आलं. आणि मिलिंद, एवढ्या वर्षांत मी तुझ्या जागेवरून मैदान पाहिलंच नव्हतं. टाकीला पाठ लावून समोर बघितलं तर सगळं दिसतं. पडकी भिंत, तिच्यातली फट, आणि फटीतून येणारी ती एकच वाट, माझी. मी पळत यायचो तेव्हा तुला मी किती लांबून दिसत असेन. गोळी झाडायच्या किती आधीपासून तू मला येताना बघत असशील. वीस वर्षांचं भांडण होतं आपलं, आणि त्याचा एक भाग त्या पडद्यावर सरळ उघडा पडला होता. उरलेला तू घेऊन गेलास. गोळी काहून घालतो, ते नाहीच कळलं.

काढून टाकण्याच्या जागेपर्यंत मी माऊस नेला. संगणकानं विचारलं, नक्की काढायचं का. मी हात उचलला.

मग मी वहिनींना सगळं सांगितलं. तुझं नाव दिसण्यापासून ते टाकीमागे रोज उभं राहण्यापर्यंत, तू माझ्याकडे वळून बघितलंस तेव्हा मी पळालो तिथपर्यंत. आणि एक चमत्कार झाला तो तुला सांगायलाच हवा: मी काहीच वाढवलं नाही. जेवढं होतं तेवढंच सांगितलं. जन्मात पहिल्यांदा. जेवढे पोट्टे मारले तेवढेच मारले. त्यांच्या शाळेत मुलं किती जेवली ते जसं त्या भरतात, तसं.

“म्हणून म्हटलं वहिनी,” मी शेवटी म्हणालो, “तुमाले चालत असेल तं, हे असंच राहू द्याल का? शाळा उघडल्यावर तुमी तुमचं काम करा. तो राहील तिथी उभा. मी पाहून घेईन त्याच्याकडे.”

वहिनींनी शेवटची घडी गठ्ठ्यावर ठेवली आणि गठ्ठा उचलला.

“राहू द्या मंग,” त्या म्हणाल्या. “आवाज बंद करता येते मले आता.”